विंचवाचा ट्रे

मी त्या रुग्णालयात रुजू झाले तेव्हा मला सगळ्यात आधी दाखवला गेला तो विंचवाचा ट्रे. औषधांचं कपाट नंतर, प्रसूतीची खोली नंतर, आणि माझं क्वार्टर तर अगदी शेवटी, कारण त्याचं छत गळत होतं. अपघात विभागाच्या खिडकीखाली स्टीलचं टेबल, त्यावर ट्रे, ट्रेवर हिरवं कापड. कापडाखाली तीन इंजेक्शनं ओळीनं मांडलेली आणि शेजारी सलाइनची बाटली. मोठे सर, म्हणजे आमचे अधीक्षक, ते कापड दोन बोटांनी अलगद उचलायचे.

"विंचू आला की विचार करायचा नाही," ते म्हणाले. "ट्रे उचलायचा. माझी सगळी नोकरी ह्या ट्रेवर झाली."

"विचार करायचा नाही" असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. आई म्हणायची, ह्या पोरीला उलटं विचारल्याशिवाय घास उतरत नाही. खरंच आहे ते. मी त्याच दिवशी विचारलं, "सर, ह्या तिन्हींपैकी विंचवाच्या विषावर काम करणारं कोणतं?"

सरांनी कापड परत झाकलं. "चहा घेतलात का?" ते म्हणाले.

तापी ओलांडून उत्तरेला निघालं की सपाट काळी रानं हळूहळू खडकाळ होतात आणि समोर सातपुडा उभा राहतो. त्या पायथ्याला आमचं रुग्णालय होतं. आजूबाजूची गावं पावसावरची शेती करणारी. कपाशी, ज्वारी, थोडं जंगलातलं मोह-चारोळी, आणि बाकीचे महिने मजुरी. उन्हाळा सुरू झाला की कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उपटून घरामागं रचायच्या, वर्षभर त्यावर चूल पेटवायची. त्या ढिगात विंचू राहतात. मोठा काळा दिसायला भयंकर, पण तो बहुधा नुसता ठणका देऊन सोडतो. जीव घेतो तो बारका, लालसर. आणि घेतो तो बहुतेक लेकरांचा, कारण पऱ्हाट्या आणायला लेकरांनाच पाठवतात.

ट्रेमधलं पहिलं इंजेक्शन स्टिरॉइड, दुसरं ॲलर्जीचं, तिसरं कॅल्शियम. लाल विंचवाचं विष शरीराला स्वतःच्याच रसायनांच्या पुरात ढकलतं. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय दमतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. त्या आवळलेल्या वाहिन्या सैल करणारी एक साधी गोळी आहे, मुळात रक्तदाबासाठी बनवलेली. ती विंचवावर चालते हे कुठल्या परदेशी प्रयोगशाळेनं आपल्याला शिकवलं नाही. आपल्याच राज्यातल्या खेड्यांत, हाताशी फारसं काही नसताना काम करणाऱ्या डॉक्टरांनी ते पाहिलं, मोजलं आणि लिहून ठेवलं. पुढं विंचवाची लसही आली. लस आणि गोळी दोन्ही दिली तर रुग्ण आणखी लवकर सावरतो असंही दिसलं. स्टिरॉइडनं मात्र काही फायदा झालेला दिसला नाही. आणि फुप्फुसात पाणी भरायच्या बेतात असलेल्या पोराला बाटलीवर बाटली चढवणं म्हणजे आगीत तेल.

हे मी धुळ्याला शिकले. औषधशास्त्राच्या आमच्या मॅडम बारीक अंगाच्या आणि आवाजानं त्याहून बारीक होत्या, पण वर्गात कुणी "सर असं करतात" म्हटलं की त्या खडू खाली ठेवून एवढंच विचारायच्या, "कशावरून?" एकदा एका मुलानं ऐटीत सांगितलं की अमुक इंजेक्शन दिलं आणि पेशंट बरा झाला. मॅडम म्हणाल्या, "कावळा बसला आणि फांदी मोडली. कावळा न बसता किती फांद्या मोडतात ते मोजलंस का?" तो मुलगा आज मोठा सर्जन आहे. मोजतो की नाही, माहीत नाही.

आता खरं सांगायचं तर कावळ्यावर आमच्या सगळ्या खानदेशाचाच विश्वास. माझी आई सावद्याची, केळीवाल्यांच्या घरातली, चांगली शिकलेली. तिला साधा ताप आला की ती जळगावच्या आमच्या घरी मला सांगणार, "दोन सुया टोचून टाक आणि एक बाटली लाव." मी म्हणायची, बाटलीत मीठ-पाणी असतं गं. ती म्हणायची, "असू दे. भेटायला येणाऱ्यांना काहीतरी टांगलेलं दिसायला नको का?" मोठे सर वेगळं काय म्हणत होते? लोकांचं समाधान, लोकांचं समाधान. मला त्या शब्दाचा संताप यायचा.

सरांशी माझी बरीच वादावादी झाली. शेवटी ते म्हणाले, तुमच्या ड्यूटीत तुम्ही काय ते करा, पण उद्या काही झालं तर मी नाही. मग मी ट्रेमधली इंजेक्शनं कपाटात ठेवली, आणि त्या एवढ्या मोठ्या ट्रेच्या मधोमध, हिरव्या कापडाखाली, गोळ्यांची एक पट्टी ठेवली. लसीची मागणी पाठवली होती. त्या उन्हाळ्यात ती आली नाही.

सरांनी कापड उचलून पाहिलं. "लोक हसतील," ते म्हणाले.

"हसू देत," मी म्हटलं.

तर त्याच उन्हाळ्यात एक पोर आली ती दुपारी, ऊन असं की डांबर टायरला चिकटत होतं. मोटारसायकलवर काका, मध्ये पोर, मागं तिला धरून आई. दुसऱ्या गाडीवर आजोबा. आजोबांना मी ओळखत होते. त्यांना सगळे आबा म्हणत. पांढरी टोपी, ताठ पाठ, रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला ते आमच्याकडं नेमानं येत. पण पंचक्रोशीत त्यांचं नाव वेगळ्याच कारणानं होतं. आबा विंचू उतरवायचे. कडुलिंबाची डहाळी, ओठांतल्या ओठांत मंत्र, आणि हात खांद्यापासून खाली झटकत न्यायचा. रात्रीबेरात्री माणसं त्यांच्या दारात यायची. एक पैसा घेत नसत. सरांचा आणि त्यांचा चांगला घरोबा होता. आबा ज्यांचा विंचू उतरवत त्यांना आधाराला सरांकडं पाठवत, सर ट्रे उचलत.

पोर आठेक वर्षांची होती. घामानं निथळत होती, पण हात बर्फ. नाडी सुसाट. पऱ्हाट्या काढताना बोटाला डंख झाला होता.

"इच्चू उतरी गया व्हता," आबा म्हणाले. "ठणका थांबी गया. मंग ओकाले लागनी."

विंचू चावलेलं लेकरू ठणक्यानं किंचाळत असेल तर डॉक्टरला निम्मा धीर असतो. विष अंगभर भिनलेल्या लेकराला बऱ्याचदा ठणका फारसा नसतोच. गावात मात्र ठणका थांबला की म्हणतात विंचू उतरला. म्हणजे आबांचं यश आणि आमची भीती एकाच वेळी हजर होतात. किती घरांत लोकांनी तेव्हा सुटकेचा श्वास टाकून चहा ठेवला असेल, कोण जाणे.

मी कापड उचललं, गोळी काढली.

"गोळी?" काका म्हणाला. "इच्चूले गोळी? सुई नही का?"

"बीपीनी गोळी ती," आबांनी पट्टी ओळखली. "मी रोज खास तसीच. पोरले कसानी बीपी?"

मी समजावलं. जमेल तेवढं सोपं करून समजावलं. काका पुन्हा म्हणाला, "बाटली लावा ना बाई. इतला लांबथीन उनूत." मी म्हटलं, बाटलीनं हिच्या छातीत पाणी भरेल. लागलीच तर म्हणून शिरेत नुसती सुई टोचून ठेवते, बाटली नाही. पोरीला गोळी दिली, रक्तदाब मोजला, आणि तिघांनाही बजावलं, "हिला आडवीच ठेवायची. उठवायचं नाही, बसवायचं नाही. ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते. उभी केली तर रक्त सगळं पायात जाईल आणि चक्कर येऊन पडेल." तिघांनी माना हलवल्या. सिस्टरला लक्ष ठेवायला सांगितलं आणि मी शेजारच्या खोलीत एका दमेकरी म्हाताऱ्याला पाहायला गेले. सिस्टरही त्याच म्हाताऱ्याची वाफेची नळी बसवायला माझ्यामागं आली.

परत आले तर खाट रिकामी.

व्हरांड्यात आबांनी पोरीला एका बाजूनं धरलं होतं, काकानं दुसऱ्या. दोघं तिला चालवत होते. तिच्या तोंडात कडुलिंबाचा पाला होता, कडू लागतो की गोड ते पाहायला; कडू लागला म्हणजे विष उतरलं. तिची मान छातीवर पडली होती. आई मागं मागं येत होती, पदराचं टोक दातात धरून.

"काय करताय!" मी ओरडले.

"झोपनी का इच्चू डोकामा चढस," आबा शांतपणे म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं ते मला मदतच करत होते. विंचू-साप चावलेल्याला झोपू द्यायचं नाही, चालतं ठेवायचं, हे त्या गावांत लहान पोरही सांगेल. मी "उठवू नका" म्हटलं ते त्यांनी शहरातल्या बाईचं बोलणं म्हणून ऐकलं आणि सोडून दिलं.

माझ्या डोळ्यांदेखत पोरीचे गुडघे वाकले आणि ती फरशीवर कोसळली.

पुढं जो कल्लोळ झाला तो अजून माझ्या कानात आहे. "गोळीनी पोर मारी टाकी!" काका किंचाळला. बाह्यरुग्ण विभागातली रांग मोडून माणसं धावली. आवाज ऐकून सर आले. मी तोवर तिला तिथंच फरशीवर सपाट झोपवलं होतं आणि तिचे पाय तिच्या आईच्या मांडीवर उंच ठेवले होते. नाडी हाताला लागत नव्हती म्हटलं तरी चालेल. मला भीती वाटली. मी वाचलेलं, शिकलेलं, सरांशी भांडलेलं सगळं त्या फरशीवर पडलं होतं, आणि त्याहून खरं म्हणजे एक आठ वर्षांची पोर पडली होती.

मी छातीला स्टेथोस्कोप लावला. छाती कोरडी होती, फुप्फुसात पाणी नव्हतं. उलट्यांनी आणि घामानं तिच्या अंगातलं पाणी मात्र गेलेलं होतं. अशा वेळी काय करायचं हेही लिहिलेलंच आहे. आडवं करा, पाय वर घ्या, आणि छाती कोरडी असेल तर थोडं सलाइन द्या, मोजून.

"सिस्टर, सलाइन," मी म्हटलं.

सर माझ्या डोक्यावर उभे होते. "लावलीतच ना शेवटी बाटली?"

"लावली, सर. हिला लागतेय म्हणून लावली. आणि बंदही मीच करणार."

ते स्टिरॉइड भरायला सांगू लागले. मी मान वर न करता म्हटलं, "त्याचा इथं काही उपयोग नाही. देऊ नका." सगळ्यांसमोर म्हटलं. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या असतील, पण त्यांचं नाक बघायला मला वेळ नव्हता.

पोरीनं डोळे उघडले. रक्तदाब सावरला. ती पाला थुंकली आणि "कडू" म्हणाली. पाव बाटलीही गेली नव्हती तोवर मी सलाइन बंद केलं, तर गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "आरे, इतलीच?" तेवढ्यातही मला हसू आलं.

खरी परीक्षा अजून व्हायची होती. ह्या गोळीचा असर ओसरतो, विषाचा तेवढ्यात ओसरत नाही. ऊन कलायला लागलं तसे पोरीचे हात पुन्हा गार पडू लागले. घाम. नाडी पुन्हा सुसाट, रक्तदाब वर. दुसरी गोळी द्यायची वेळ झाली होती.

सरांनी मला बाजूला घेतलं. "दुसरी गोळी माझ्या दवाखान्यात द्यायची नाही. एकदा पडली, पुरे झालं. जळगावला पाठवा."

"रुग्णवाहिका नशिराबादकडं गेलीय. यायला वेळ आहे."

"त्यांची जीप उभी आहे."

जीप खरंच उभी होती. काकानं गावातून मागवली होती. त्या जीपमध्ये पोर कुणाच्या तरी मांडीवर बसून जाणार होती, खड्ड्यांतून, उन्हातून, विषाचा जोर पुन्हा चढलेला आणि औषध नाही. मी म्हटलं, "रुग्णवाहिका आली की मी स्वतः तिच्याबरोबर जाईन. झोपवून नेईन. पण आधी गोळी."

"मी वर लिहीन."

"लिहा, सर."

आबा खाटेपाशी उभे होते. "चाल, उठाडा पोरले," ते काकाला म्हणाले. आणि तेव्हा पोरीची आई बोलली. दुपारपासून तिनं तोंड उघडलं नव्हतं. सासऱ्यासमोर सून बोलत नाही. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, नजर खाली. तिनं मलाच विचारलं.

"डाक्टरीनबाई, ही गोळी ज्यास्ले दिधी, त्या बठ्ठा वाचनात का?"

खोटं बोलायचा मोह झाला. हो म्हटलं असतं तर प्रश्न मिटला असता. मी म्हटलं, "सगळे नाही. पण फार थोडे गेले."

"आनि ज्यास्ले नही दिधी, त्या?"

मॅडम धुळ्याहून उठून आल्या की काय असं मला क्षणभर वाटलं. "त्यांच्यातले पुष्कळ गेले," मी म्हटलं.

"कोणी मोजं?"

"डॉक्टरांनी. कित्येक वर्षं. गेलेल्यांनाही धरून मोजलं."

तिनं पदरानं पोरीच्या कपाळावरचा घाम पुसला. मग खाली बघतच म्हणाली, "मना देरले बी इच्चू चावना व्हता. आबास्नीच उतारा. तो गया. त्याले कोणी मोजत नही."

देर म्हणजे तिचा दीर. म्हणजे आबांचा धाकटा मुलगा. हे मला माहीत नव्हतं. सरांना माहीत असावं, कारण त्यांनी नजर वळवली. आबा कुणाकडंच न बघता म्हणाले, "त्याना टाइम भरना व्हता." त्यांचा आवाज मात्र नेहमीचा नव्हता.

तेव्हा मला जे दिसलं ते मी आजवर विसरले नाही. आबांचा मंत्र आणि सरांचा ट्रे ह्यांत काडीचा फरक नव्हता. बहुतेक विंचू काहीच न करता उतरतात. जे उतरले ते आबांनी आपल्या नावावर घेतले, सरांनी ट्रेच्या. जे नाही उतरले त्यांचा टाइम भरला होता. दोघंही चांगली माणसं, दोघांचीही कळकळ खरी, आणि दोघांनीही मेलेल्यांना हिशेबातून वगळलेलं. माझ्याकडं त्यांच्यापेक्षा जास्त अक्कल होती असं नाही. माझ्याकडं फक्त कुणीतरी प्रामाणिकपणे केलेली मोजणी होती.

"द्या मंग," आई म्हणाली. "मी आठेच बठस. कोण उठाडस ते देखस मी."

आणि ती खाटेच्या उशाशी बसली, दोन्ही तळवे पोरीच्या दोन्ही खांद्यांवर ठेवून. काका पुढं झाला, तिनं नुसतं वर पाहिलं. तो थांबला. आबा व्हरांड्यात जाऊन बाकावर बसले.

मी गोळी दिली. मग मीही तिथंच स्टुलावर बसले, हातात तिचं मनगट धरून. सिस्टर येऊन रक्तदाब मोजायची, जायची. रुग्णवाहिका आली तोवर जाण्याची गरज उरली नव्हती, पण मी ती दारात उभी करून ठेवली. दिवे लागले तेव्हा पोरीची बोटं माझ्या हातात उबदार झाली होती. तिनं आईकडं मान वळवली. "माय, भूक लागनी." आईचे तळवे खांद्यांवरून हलले नाहीत. ती तशीच, पदराआड, हमसून रडली. मीही रडले, आणि त्याची मला लाज नाही.

आता इथं गोष्ट संपली असती तर किती छान झालं असतं. पण नोकरी गोष्टीसारखी नसते.

सरांनी वर लिहिलं. माझ्याकडून खुलासा मागवला. मी खुलाशाबरोबर त्या विषयावरचे जेवढे लेख हाताला लागले तेवढ्यांच्या प्रती जोडल्या, एवढं जाड बाड झालं की टपालातल्या भाऊंनी विचारलं, "मॅडम, पुस्तक काढलं का?" उत्तर आलं नाही. विंचवाचा ट्रे दुसऱ्या दिवशी पुन्हा भरलेला होता. मी ड्यूटीवर आले की रिकामा करायची, सर आले की भरायचा. सिस्टर म्हणायची, "मॅडम, तुम्ही दोघं एकदा ठरवा, माझे हात दुखले." मी म्हणायची, "मी ठरवलंय."

आणि गावात? गावात सगळे म्हणाले, आबांनी नातीचा विंचू उतरवला. दवाखान्यातल्या बाईनं गोळी देऊन पाडली होती, पण आबांचा मंत्र मोठा. हे मला दुसऱ्याच एका पेशंटनं मोठ्या कौतुकानं ऐकवलं. मी ते हसण्यावारी नेलं असतं. पण उन्हाळा सरता सरता त्याच गावचं एक लेकरू आलं, आबांच्या दारातून, उशिरा. ओठांवर गुलाबी फेस होता. मी गोळी दिली, ऑक्सिजन लावला, ठाऊक होतं तेवढं सगळं केलं. ते गेलं. त्याचा बाप दारात बसून म्हणत होता, आबांकडं न्यायलाच उशीर झाला. त्या दिवशी घरी जाऊन मी भांडी आदळली, आणि कित्येक दिवस आबा गोळ्या न्यायला आले तरी मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. भला माणूस होता म्हणून मला जास्त राग येत होता. लबाड असता तर लोकांनी कधीच सोडला असता.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसं आम्हा सरकारी डॉक्टरांचंही. सरांची बदली माझ्याआधी झाली, भडगावकडं. जाताना ते म्हणाले, "हट्टी आहात." मी म्हटलं, "हो." त्यांनी ट्रेवरचं हिरवं कापड घडी करून माझ्या हातात दिलं. त्याचा अर्थ काय ते मी विचारलं नाही. इंजेक्शनं कपाटात गेली ती परत आली नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात एके सकाळी दारात ट्रॅक्टर थांबला. ट्रॉलीत बाज होती, बाजेवर माणूस आडवा, बाजेच्या चारी बाजूंनी बाया बसलेल्या. गावातून कुणी विंचवाचा रुग्ण असा झोपवून आणलेला मी पहिल्यांदाच पाहत होते. जवळ गेले तर बाजेवर आबा. टोपी नाही. घामानं सदरा अंगाला चिकटलेला. पऱ्हाट्यांचा ढीग सारखा करताना चावला होता.

आणि त्यांच्या छातीवर हात दाबून सून, त्या पोरीची आई, बसलेली. सासऱ्याच्या अंगाला सुनेचा हात, तोही उघड्या ट्रॉलीत, गावातून येताना सगळ्यांच्या देखत. आमच्याकडं ही लहान गोष्ट नाही. आबांनी उठायचा प्रयत्न केला तशी ती म्हणाली, "उठानं नही, आबा." ते पडून राहिले.

आत आणलं. मी हात हातात घेतला, गार होता. कुणी सुई मागितली नाही, कुणी बाटली मागितली नाही. मी त्यांच्या रोजच्या गोळ्यांची चौकशी केली, रक्तदाब मोजला, ट्रेवरचं कापड काढलं. आबा माझ्या हालचाली पाहत होते. मग त्यांनी खूण करून मला खाली वाकायला लावलं.

"डाक्टरीनबाई," ते हळूच म्हणाले, "तीच गोळी द्या. फक्त गावमा सांगू नका."

रुग्णाचं गुपित राखायचं असतं, आणि ते गुलाबी फेसाचं लेकरू माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. पण मला बोलावं लागलं नाही. बाजेच्या पायथ्याशी सून उभी होती. पदर डोक्यावर होता, पण कपाळाच्या वर सरकलेला, आणि नजर सरळ सासऱ्यावर.

"त्या कसाले सांगतीन, आबा?" ती म्हणाली. "मी सांगसू. बठ्ठा गावले."

आबांनी तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग डोळे मिटले आणि तोंड उघडलं. मी गोळी त्यांच्या जिभेवर ठेवली.